तारेला उजेडाची साथ

वाकडे किंवा पुढे आलेले दात तारा लावून सरळ करायला साधारण दीड ते दोन वर्षे लागतात. हे ऐकल्यावर जवळपास प्रत्येक घरातून एकच प्रश्न येतो : लवकर नाही का व्हायचे? कुणाची दहावी तोंडावर असते, कुणी जूनमध्ये कॉलेजसाठी मुंबईला जाणार असते, कुणाच्या लग्नाची बोलणी चालू असतात आणि फोटोत तारा दिसायला नको असतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या प्रश्नाला जी नवी उत्तरे पुढे आली, त्यांतले सर्वांत मोहात पाडणारे उत्तर म्हणजे उजेड. हिरडीवर ठरावीक रंगाचा प्रकाश ठरावीक वेळ पाडायचा, म्हणजे आतले हाड लवकर बदलते आणि दात लवकर सरकतो, असे सांगितले जाते. सुई नाही, चिरा नाही, टाके नाहीत. पुढच्या पानांचा विषय हाच उजेड आहे.

ही प्रस्तावना लिहिताना डोळ्यांसमोर वाचक ठेवला आहे तो पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचा. तानाजी मालुसरे आणि शेलारमामांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुलाच्या लग्नाची तारीख बाजूला सारून बाप कोंढाण्यावर गेला, ही १६७० सालची गोष्ट इथल्या पोराटोरांना तोंडपाठ असते. आज त्याच डोंगरात लग्नाची तारीख आधी ठरते आणि दातांना तिच्या आत सरळ व्हावे लागते! पण उमरठ निवडले ते एवढ्यासाठी नाही. दादर-ठाण्याच्या माणसाला दंतवैद्य गल्लीच्या टोकाला सापडतो. तिथे उपचाराचा हिशोब महिन्यांत आणि रुपयांत संपतो. उमरठच्या माणसाला आधी पोलादपूर गाठावे लागते. तिथून महाड, नाहीतर कशेडी उतरून खेड, नाहीतर थेट पनवेल-मुंबई. त्याचा हिशोब खेपांमध्ये होतो : एस्टीची वेळ, बुडालेली मजुरी, शाळेचा खाडा. वेळ वाचवणाऱ्या कोणत्याही उपचाराची परीक्षा रस्त्याच्या या टोकाला घ्यावी, असे मला वाटते. मुंबईच्या दवाखान्यात जे जलद ठरते ते इथेही जलद ठरेलच असे नाही.

दात सरकतो म्हणजे काय होते

उजेडाकडे वळण्याआधी दाताकडे पाहिले पाहिजे. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात आणि हाड खाणाऱ्या व हाड घडवणाऱ्या पेशींची ये-जा असते. तारेने दाताला एका बाजूला हलका रेटा दिला की त्या बाजूचा थर दाबला जातो आणि उलट बाजूचा ताणला जातो. दाबाच्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी गोळा होतात आणि हाड हळूहळू विरघळवतात. ताणाच्या बाजूला दुसऱ्या पेशी नवे हाड रचतात. सावित्री एका काठाची माती खाते, समोरच्या काठाला गाळ टाकते आणि काही पावसाळ्यांनी पात्रच बाजूला गेलेले दिसते. दाताचे चालणे याच जातीचे आहे. तार फक्त निमित्त देते. काम हाड करते आणि ते आपल्या गतीने करते.

ही गती किती? सुळा मागे घ्यायचा असेल तर सर्वसाधारण हिशोब महिन्याला एक मिलिमीटरचा. त्यातही दात रोज सारखा सरकत नाही. तार लावल्यावर पहिल्या काही दिवसांत तो किंचित हलतो, कारण तंतूंचा थर दाबला जातो. मग दोन-तीन आठवडे तो जवळपास थांबल्यासारखा वाटतो. दाबाच्या जागी रक्तपुरवठा अडल्यामुळे थराचा काही भाग मृत होतो, सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखा दिसू लागतो, आणि तो साफ झाल्याशिवाय हाड विरघळण्याचे काम सुरळीत होत नाही. स्वीडनचे कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे चित्र १९०४-०५ च्या सुमारास मांडले. पुढे १९३२ मध्ये श्वार्झ यांनी रेट्याचे माप सुचवले : मुळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. केशवाहिन्यांतल्या रक्ताच्या दाबाइतका हा रेटा आहे. त्याहून जोर लावला तर रक्त अडते, मृत भाग वाढतो आणि दात लवकर सरकण्याऐवजी अडून बसतो. ‘डॉक्टर, तार जरा जास्त आवळा, म्हणजे लवकर होईल’ या विनवणीला तज्ज्ञ मान डोलावत नाही त्याचे कारण हे.

दात हलवण्याचा खटाटोप जुना आहे. फ्रान्सच्या प्येर फोशार यांनी १७२८ साली छापलेल्या ग्रंथात धातूची वाकवलेली पट्टी दातांना दोऱ्याने बांधण्याची पद्धत दिली आहे. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट न बसण्याचे वर्गीकरण मांडले, १९०० मध्ये दात सरळ करण्याच्या या शाखेची स्वतंत्र शाळा काढली आणि १९२८ मध्ये चौकोनी खाचेच्या ब्रॅकेटची, म्हणजे दातावर बसवून तार धरणाऱ्या तुकड्याची, पद्धत दिली. आजच्या तारा त्याच पद्धतीच्या वंशातल्या आहेत. शंभर वर्षांत तारांचा धातू बदलला, ब्रॅकेट चिकटवण्याची रीत बदलली, काहींच्या तोंडात तारेऐवजी पारदर्शक साचे आले. महिन्याला मिलिमीटरचा हिशोब मात्र फारसा हलला नाही, कारण तो धातूचा नसून हाडाचा आहे. म्हणूनच संशोधकांनी धातू सोडून हाडालाच घाई करायला लावण्याचे मार्ग शोधले. उजेड त्यांपैकी एक.

उजेड औषध कसा झाला

उजेडाने बरे करणे आपल्या घरांना नवे नाही. नवजात बाळाला कावीळ झाली की दवाखान्यात त्याला निळ्या लाइटखाली ठेवतात, हे कुठल्याही आजीला सांगावे लागत नाही. इंग्लंडमधल्या एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ मध्ये सिस्टर वॉर्ड यांच्या नजरेला आले, की ऊन लागलेल्या बाळाच्या कातडीचा पिवळेपणा कमी होतो. तिथल्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये त्यावरचे काम प्रसिद्ध केले. निळा प्रकाश कातडी पिवळी करणाऱ्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि ते शरीराबाहेर टाकणे सोपे होते. त्याआधी डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना कातडीच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

दातांपर्यंत येणारी वाट मात्र वेगळी. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर बनवला. १९६७ मध्ये बुडापेस्टचे एन्द्रे मेस्टर उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर कमी शक्तीचा लेसर पाडून त्याचे परिणाम तपासत होते. लेसर लागलेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. कमी शक्तीचा, न भाजणारा प्रकाश पेशींना चेतवू शकतो, ही कल्पना तिथून वाढली. जखमा, सांधे, तोंडातले व्रण असे करत ती दंतवैद्यांच्या हाती आली.

यात वापरला जातो तो तांबडा किंवा अवरक्त प्रकाश. दातांच्या कामात बहुधा ७८० ते ८६० नॅनोमीटरच्या आसपासचा. या पट्ट्यातला प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन आणि शरीरातले पाणी कमी शोषतात, त्यामुळे तो हिरडीतून हाडापर्यंत थोडाफार पोचतो. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर आहे; ते हा प्रकाश शोषते आणि पेशीतली ऊर्जानिर्मिती वाढते, असे या क्षेत्रात सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण आहे. हाड खाणाऱ्या आणि हाड रचणाऱ्या दोन्ही पेशींना अशी चालना मिळाली तर दाताचे सरकणे वेग घेईल, हा तर्क.

तर्क सरळ आहे, मात्रा सरळ नाही. प्रकाश कमी पडला तर काहीच होत नाही. योग्य पडला तर पेशी चेततात. जास्त पडला तर उलट मंदावतात. मात्रा ठरते ती प्रकाशाच्या रंगावर, शक्तीवर, किती सेकंद आणि किती जागेवर पाडला यावर, आणि कितव्या दिवशी पाडला यावरही. गालाबाहेरून पाडलेला प्रकाश गालाच्या मांसातच बराचसा जिरतो. तोंडाच्या आतून हिरडीला टेकवलेला जास्त पोचतो. दोन दवाखान्यांत ‘लेसर दिला’ एवढेच सांगितले तर दोघांनी एकच उपचार दिला असे समजता येत नाही.

इथे एक गोंधळ आधीच दूर केलेला बरा. दवाखान्यात ब्रॅकेट चिकटवताना दाताजवळ जो निळा लाइट धरतात, तो चिकटवायचा मसाला कडक करण्यासाठी असतो; हाडाशी त्याचा संबंध नाही. दात पांढरे करताना वापरतात तो दिवाही वेगळा. कंबर शेकायचा लाल दिवा उष्णता देतो, आणि या उपचारात तर ऊब जाणवण्याइतकीही उष्णता अभिप्रेत नसते. मोबाइलवरच्या जाहिरातीत दिसणारे लाल उजेडाचे मुखवटे तर कातडीसाठी विकले जातात. उजेड तांबडा दिसला म्हणजे तो दात हलवील, असे नाही. अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. म्हणून लेसर वापरताना डॉक्टर आणि रुग्ण दोघांनीही त्यासाठीचा चष्मा लावायलाच हवा.

प्रयोगांनी काय दाखवले

२००० साली जपानमध्ये कावासाकी आणि शिमिझू यांनी उंदरांच्या दाढांना रेटा देऊन ८३० नॅनोमीटरचा लेसर पाडला. लेसर मिळालेल्या दाढा सुमारे १.३ पट सरकल्या. माणसांवरचा सुरुवातीचा गाजलेला अभ्यास २००४ मध्ये ब्राझीलमधून आला : क्रूझ आणि सहकाऱ्यांच्या ११ रुग्णांत लेसरच्या बाजूचा सुळा लवकर मागे गेला. २००६ मध्ये थायलंडमध्ये लिम्पानिचकुल आणि सहकाऱ्यांनी १२ तरुणांवर तसाच प्रयोग केला आणि दोन बाजूंत लक्षणीय फरक सापडला नाही. आपली मात्रा बहुधा कमी पडली, असे त्यांनीच नोंदवले. एकाच प्रश्नावर दोन देशांतून दोन उत्तरे आली ती अशी.

तिसरे उत्तर आपल्या राज्यातले आहे आणि मराठी वाचकाने ते आवर्जून माहीत करून घ्यावे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या गौरी दोशी-मेहता आणि वसुंधरा भड-पाटील यांचा अभ्यास २०१२ मध्ये अमेरिकेतल्या या शाखेच्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. २० रुग्ण होते. सगळ्यांच्या पहिल्या उपदाढा काढून सुळे मागे घ्यायचे होते. प्रत्येकाच्या तोंडाच्या एका बाजूला ८१० नॅनोमीटरचा लेसर दिला, दुसऱ्या बाजूला दिला नाही. या रचनेचे बळ असे, की तुलना दोन माणसांमध्ये होत नाही. माणूस तोच, त्याचे वय, हाड, जेवण, सवयी त्याच. फरक फक्त उजेडाचा. पहिल्या महिन्यात लेसर सुरुवातीच्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी दिला, त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, सुळा पुरता मागे जाईपर्यंत. लेसरच्या बाजूला सरकण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि दुखणेही कमी भरले.

याही अभ्यासाच्या मर्यादा आहेत. २० ही संख्या लहान आहे आणि मोजमाप उपचाराच्या एका टप्प्याचे आहे. लहान अभ्यासांत चांगले आकडे सहज निघतात आणि चांगले आकडे निघालेले अभ्यास सहज छापले जातात. म्हणून अशा अनेक चाचण्या एकत्र ठेवून त्यांची छाननी करावी लागते. हे काम कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने केले. तिचा या विषयावरचा आढावा २०१५ मध्ये आला आणि २०२३ मध्ये नव्याने निघाला. त्याचा निष्कर्ष संयमाचा आहे. उजेडाने एखाद्या टप्प्याला थोडी गती मिळत असेल, पण ती रुग्णाच्या दृष्टीने कितपत मोलाची, हे शंकास्पद आहे. उपचाराचा एकूण काळ कमी होतो असे दिसत नाही. आणि हाती असलेल्या पुराव्याची खात्री कमी ते अत्यंत कमी दर्जाची आहे.

नागपूर आणि कॉक्रेन यांत वरवर विसंगती दिसते, पण दोन्ही एका वेळी खरे असू शकतात. सुळा मागे जाण्याचा टप्पा आखूड झाला तरी पूर्ण उपचारात त्याच्या आधी आणि नंतर बरेच काही असते. गर्दी झालेले दात रांगेत आणणे, उरलेली फट भरणे, मुळांचा कल नीट करणे, वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसवणे, आणि तारा निघाल्यावर रिटेनर लावून दात जागेवर धरून ठेवणे. एका टप्प्यात मिळवलेला महिना पुढच्या टप्प्यात सहज जिरून जातो.

उमरठच्या बाजूने आकडेमोड

आता नागपूरचाच आकडा उदारपणे खरा धरू आणि तो पोलादपूरच्या रस्त्यावर आणून पाहू. उपदाढ काढल्यावर साधारण सात मिलिमीटर जागा होते. महिन्याला एक मिलिमीटर या हिशोबाने सुळ्याला सात महिने लागतील. ३० टक्के वेग वाढला तर साडेपाच महिन्यांच्या आत-बाहेर. म्हणजे दीड महिना वाचला.

आता खेपा मोजू. उजेडाविना महिन्याला एक फेरी धरली तर सात महिन्यांत सात-आठ फेऱ्या. उजेडासह पहिल्या महिन्यात चार आणि पुढे दर पंधरा दिवसाला एक, म्हणजे साडेपाच महिन्यांत तेराच्या आसपास. दीड महिना वाचवण्यासाठी पाच-सहा फेऱ्या जास्त. ज्याचा दवाखाना घराखाली आहे त्याला हा सौदा परवडेल. ज्याला दर फेरीला अख्खा दिवस द्यावा लागतो, त्याच्या बाबतीत वेळ वाचवणारा उपचार वेळ खातो. संशोधनात वेग मिलिमीटर आणि महिने यांत मोजतात. रुग्ण तो खेपा आणि खाडे यांत मोजतो. दोन्ही मापे प्रामाणिक आहेत, पण ती एक नव्हेत. या विषयावर जे काही वाचाल ते हा फरक मनात ठेवून वाचावे, एवढे एकच सांगणे या प्रस्तावनेचे आहे.

यावर उत्तर म्हणून घरी वापरायची साधने निघाली. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या बायोलक्स कंपनीने ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे, तोंडात धरायचे साधन बनवले; ते रोज काही मिनिटे वापरायचे असते. यात खेपांचा प्रश्न सुटतो. मग उरतो खर्चाचा प्रश्न आणि रोज न चुकता वापरण्याचा. दोन वेळा ब्रशसुद्धा ज्याच्या मागे लागून करून घ्यावा लागतो, तो बारा-तेरा वर्षांचा मुलगा महिनोन्‌महिने हे साधन रोज तोंडात धरील का, याचा अंदाज आई-वडिलांनी स्वतःशी खरेपणाने करावा. आणि साधन घरी असले तरी तार बदलायला, दात तपासायला दवाखान्यात जावेच लागते.

वेदनेचा मुद्दा मात्र वेगळा काढून पाहावा. तार लावल्यावर किंवा आवळल्यावर पहिले एक-दोन दिवस ठणका जास्त असतो आणि आठवड्याभरात तो ओसरतो. नागपूरच्या रुग्णांत लेसरच्या बाजूचे दुखणे कमी होते. उजेडाचा फायदा कुठे असेल तर तो कदाचित इथे, आणि त्यासाठी महिनाभर फेऱ्याही माराव्या लागत नाहीत. तार लावली त्याच भेटीत तो देता येतो. याला जोडून एक व्यवहाराची गोष्ट. दुखते म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी गोळी आणून घेतली जाते. हाडातल्या बदलाला लागणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती ही गोळी रोखते, त्यामुळे ती वारंवार घेतल्यास दाताचे सरकणे मंदावू शकते. पॅरासिटामॉलबाबत ही भीती कमी मानली जाते. कोणती गोळी आणि किती, हे तारा लावणाऱ्या डॉक्टरलाच विचारावे.

वेग वाढवण्याचे इतर मार्गही आहेत. त्यांची ओळख थोडक्यात पुरे. हाडाला मुद्दाम बारीक इजा केली की ते भरून येताना आजूबाजूची उलाढाल काही काळ वाढते. या तत्त्वावर हाडात चिरा देणे किंवा सूक्ष्म छिद्रे पाडणे अशा शस्त्रक्रिया निघाल्या. त्यांत भूल आहे, जखम आहे आणि परिणाम काही महिनेच टिकतो. रोज वीस मिनिटे कंप देणारी साधनेही आली, पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत त्यांनी वेग वाढल्याचे दिसले नाही. या रांगेत उजेड सर्वांत निरुपद्रवी आहे, आणि तो सहज विकला जातो याचे कारणही तेच. अपाय नाही म्हटल्यावर उपाय किती, हे विचारायचे राहून जाते.

उशीर खरा कुठे होतो

दोन वर्षांचा उपचार अडीच-तीन वर्षांवर जातो तेव्हा त्याची कारणे बहुतेक वेळा हाडाबाहेरची असतात. पहिले कारण चुकलेल्या भेटी. महाड-पोलादपूरचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावावे लागणार नाही. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाड शहर पाण्याखाली गेले, तळीये, केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळून माणसे गेली. तशा काळात दाताची आठवण कुणाला राहील? पण एरवीच्या पावसाळ्यातही घाट बंद, गाडी रद्द, लावणीची घाई, असे करत जून ते सप्टेंबर एक-दोनच फेऱ्या होतात. इकडचे अर्धे घर चाकरमानी. मूल मुंबईला काकांकडे शिकायला गेले की उपचार एका गावात सुरू होतो आणि दुसऱ्या गावात लोंबकळतो. नवा डॉक्टर दुसऱ्याचे अर्धे काम हाती घ्यायला कचरतो. तारा लावण्यापूर्वी पुढची दोन वर्षे मूल कुठे असणार, हे ठरवले तर कोणत्याही लेसरपेक्षा जास्त महिने वाचतील.

दुसरे कारण तुटलेले ब्रॅकेट. ऊस सोलून खाणे, भाजलेले कणीस दाताने ओरबाडणे, कडक चकली, कैरीची फोड, सुपारी. ब्रॅकेट निघाले की त्या दातावरचा रेटा गेला, आणि पुढची भेट महिन्यावर असेल तर तो महिना वाया गेला. कणसाचे दाणे काढून खावेत, कैरी किसून खावी; सोडायचे फार थोडे आहे, खाण्याची रीत बदलायची आहे. तिसरे कारण हिरड्या. तारेभोवती अन्न अडकते, हिरड्या सुजतात, रक्त येते. मग सूज उतरेपर्यंत डॉक्टरला थांबावे लागते. घरात मिश्री लावायची सवय असेल तर मोठ्या मुली आणि बाया तारा लावल्यावरही ती लपूनछपून लावतात. मिश्रीत तंबाखू असतो आणि तो हिरड्यांचा शत्रू आहे. सुजलेल्या हिरडीवर उजेड पाडून दाताला घाई करण्यात काही अर्थ नाही.

चौथे कारण उशिरा सुरुवात. दुधाचे दात पडून पक्के येण्याच्या वयात, साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास, एकदा तज्ज्ञाला दाखवावे असे सांगितले जाते. त्या वयात लगेच तारा लावायच्या असतात असे नाही. पण अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे, किडून अकाली काढलेली दुधाची दाढ यांमुळे होऊ घातलेला वाकडेपणा तेव्हा अडवता येतो. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते तेव्हा मुलाचे दातही नीट दाखवून घ्यावेत. पुढचे दोन वर्षांचे काम टाळणे यापेक्षा जास्त वेग कोणत्याच उपचारात नाही.

विचारायचे प्रश्न

कुणी उजेडाचा उपचार सुचवला तर तो झिडकारू नये आणि डोळे मिटून पैसेही भरू नयेत. काही प्रश्न साध्या मराठीत विचारावेत. उपचार करणारे डॉक्टर बी.डी.एस. नंतर दात सरळ करण्याच्या याच शाखेचे तीन वर्षांचे एम.डी.एस. शिक्षण घेतलेले आहेत का? उजेड कोणत्या टप्प्यासाठी देणार : दात रांगेत आणण्यासाठी, सुळा मागे घेण्यासाठी की दुखणे कमी करण्यासाठी? किती फेऱ्या वाढतील? एकूण काळ किती कमी होईल असे त्यांना वाटते, आणि तो नाही झाला तर उजेडाचे वेगळे पैसे का द्यायचे? उजेड न घेता हेच काम पूर्ण होईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच असले पाहिजे. उजेड तारेला साथ देतो, तारेची जागा घेत नाही. ‘उजेडाशिवाय जमणार नाही’ असे कुणी म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे.

पुढची प्रकरणे या प्रश्नांच्या तपशिलात जातात. ती वाचताना वाचकाने संशोधनाबद्दल आदर आणि जाहिरातीबद्दल संशय असे दोन्ही बाळगावेत. नागपूरच्या सरकारी महाविद्यालयातल्या दोन डॉक्टर एक साधा प्रश्न नीट मांडून त्याचे उत्तर जगापुढे ठेवू शकतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. आता त्याच्या पुढचा प्रश्न कुणीतरी घ्यायला हवा : गावाहून येणाऱ्या रुग्णाचा उपचार कशाने लवकर संपतो? त्याची चाचणी खेड, महाड, पोलादपूरच्या रुग्णांवर होऊ शकते, आणि तिला लेसरही लागणार नाही. एका गटाला नेहमीसारखे शहरात बोलवावे. दुसऱ्या गटासाठी तज्ज्ञाने महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी पोलादपूरला येऊन बसावे आणि तुटलेले ब्रॅकेट त्याच आठवड्यात बसवण्याची सोय तिथल्याच दंतवैद्याकडे ठेवावी. दोन्ही गटांच्या तारा कधी निघाल्या, ते मोजावे. माझी पैज दुसऱ्या गटावर आहे, आणि ती हरलो तर तेही छापले जावे.